ट्रस्ट : नाम की क्रियापद?

तालुक्याच्या गावी एका शाळेत आम्ही इंग्रजी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. नववीच्या वर्गात शब्दांच्या जाती चालू होत्या. इंग्रजीत एकच शब्द नाम म्हणूनही येतो आणि क्रियापद म्हणूनही येतो, हे मुलांच्या गळी उतरवण्यासाठी आम्ही फळ्यावर शब्दांची एक रांग मांडली होती. वर्क, हेल्प, लव्ह असे करत ट्रस्ट या शब्दापाशी आलो. "हे नाम की क्रियापद?" असे विचारताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. आमच्याच मोहल्ल्यातला. म्हणाला, "सर, ट्रस्ट म्हणजे मशिदीचा. आमचे मामू त्यात आहेत." वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो आणि त्याला खाली बसवून व्याकरणाकडे वळलो.

निवृत्त झाल्यावर माणसाला जुने तास आठवतात. त्या मुलाचे उत्तर आम्हाला पुन्हा पुन्हा आठवते, आणि आता हसू येत नाही. त्याचे काही चुकले नव्हते. इंग्रजीतला हा शब्द आपण मराठीत घेतला तो नाम म्हणून. ट्रस्ट म्हणजे नोंदणी केलेली संस्था, तिचा रबरी शिक्का, पावतीपुस्तक, सात-आठ ट्रस्टी आणि त्यांच्यातली भांडणे. क्रियापद मात्र आपण तिकडेच ठेवले. अलीकडची मुले 'माझ्यावर ट्रस्ट कर' असे म्हणतात खरी. पण चावडीवर, मोहल्ल्यात, जमातीच्या बैठकीत ट्रस्ट करायचा नसतो, ट्रस्टवर निवडून यायचे असते. एका शब्दाचे असे दोन तुकडे होतात तेव्हा ते केवळ व्याकरण राहत नाही. विश्वास ही कृती सुटून जाते आणि विश्वासाच्या नावाची संस्था तेवढी उरते, तेव्हा काय होते? आणि विश्वास ठेवणाऱ्याने हिशेब मागितला तर तो विश्वासाला कमीपणा आणतो की काय? या लेखात आम्हाला या दोन प्रश्नांचा विचार करायचा आहे.

आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजीत हा शब्द उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून आला, असे भाषेचे अभ्यासक सांगतात. आधार, भक्कमपणा, खात्री असे त्याचे मूळ अर्थ. खरे या अर्थाचा इंग्रजीतला ट्रू हा शब्दही त्याच घराण्यातला. क्रियापद म्हणून त्याचे उपयोग पुष्कळ आहेत. एखाद्या माणसावर विश्वास टाकणे हा पहिला. ईश्वरावर हवाला ठेवणे हा दुसरा. अमेरिकेच्या नाण्यावर १८६४ सालापासून ईश्वरावरील विश्वासाचे वाक्य कोरले जाऊ लागले आणि १९५६ साली ते त्या देशाचे अधिकृत बोधवाक्य झाले. एखाद्याच्या हाती आपली वस्तू, आपले मूल, आपले गुपित सोपवणे हा तिसरा उपयोग. आणि जुन्या पत्रांत 'आपण खुशाल असाल अशी आशा आहे' या अर्थानेही हेच क्रियापद येते. नाम म्हणून पाहिले तर विश्वास, सोपवलेली जबाबदारी, उधारी आणि शेवटी ती कायद्यातली संस्था.

मराठीत विश्वास हे क्रियापद नाही. आपल्याला तो ठेवावा लागतो किंवा टाकावा लागतो. तो बसतो आणि उडतो. बसायला वेळ लागतो, उडायला क्षण पुरतो. आमच्या आजीच्या भाषेत सांगायचे तर कबुतरासारखे. पण या ठेवण्याकडे जरा नीट पाहिले पाहिजे. बँकेत आपण ठेव ठेवतो आणि माणसावर विश्वास ठेवतो, क्रियापद एकच. म्हणजे इंग्रजीला जे एका शब्दात साधले, ते मराठीने ठेव आणि ठेवणे या जोडीत केव्हाच साधून ठेवले आहे. विश्वास ठेवणारा आपले काहीतरी दुसऱ्याच्या हाती देऊन बसलेला असतो. ते परत मिळायचे असते, निदान सांभाळले तरी जायचे असते.

या जागी आपल्या घरातला शब्द आठवतो तो अमानत. अरबीतली अलिफ, मीम, नून ही तीन अक्षरे घेऊन केवढे कुटुंब उभे राहिले आहे! अमन म्हणजे शांतता, ईमान म्हणजे श्रद्धा, मोमिन म्हणजे श्रद्धावंत, अमीन म्हणजे विश्वासू आणि अमानत म्हणजे त्याच्याकडे ठेवलेली वस्तू. हा शब्द मराठीने इतका आपला केला की अक्षरांची अदलाबदल होऊन त्याची अनामत झाली. भाड्याच्या घरासाठी अनामत भरणाऱ्याला किंवा निवडणुकीत अनामत जप्त झालेल्या उमेदवाराला आपण अमानतच म्हणतो आहोत याची कल्पनाही नसते. मोहल्ल्याबाहेर हा शब्द इतका बिनबोभाट नांदतो, हे आम्हाला नेहमी गंमतीचे वाटत आले आहे.

प्रेषित मुहंमद (स.) यांना नबुव्वत मिळण्यापूर्वीच मक्केचे लोक अल-अमीन म्हणत. ६२२ साली हिजरतीची वेळ आली, त्या रात्री लोकांच्या अमानती त्यांच्या घरात होत्या. त्या ज्याच्या त्याला पोचत्या करण्यासाठी त्यांनी हजरत अली (रजि.) यांना मागे ठेवले, हे सीरतच्या पुस्तकांतून आपण लहानपणापासून वाचतो. यातली एक बाब मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. अमानत ठेवणाऱ्यांत कोण होते? ज्यांनी त्यांचा संदेश मानला नव्हता, जे विरोधात उभे होते, असेही लोक होते. त्यांनी धर्म स्वीकारला नव्हता, पण आपले दागिने आणि पैसे ठेवायला त्या शहरात त्यांना याच माणसाचे घर सुरक्षित वाटत होते. म्हणजे ईमान आणि अमानत या एका मुळाच्या दोन गोष्टी असल्या, तरी अमानतीचा व्यवहार ईमानाच्या सीमेवर थांबत नाही. विश्वासूपणाला अनुयायी लागत नाहीत. तो विरोधकालाही ओळखू येतो.

आता थोडा तत्त्वज्ञानाचा भाग. अॅनेट बायर या विदुषीने १९८६ साली विश्वासावर एक निबंध लिहिला. अवलंबून असणे आणि विश्वास ठेवणे यांत फरक आहे, असे त्यात त्यांनी दाखवले. जर्मन तत्त्वज्ञ कांट रोज ठरल्या वेळी फिरायला निघत आणि शेजारी त्यावरून घड्याळे लावत, अशी आख्यायिका आहे. समजा, एके दिवशी कांट घरीच बसले, तर शेजाऱ्यांची गैरसोय झाली असती. पण आपला विश्वासघात झाला, असे कोणी म्हटले नसते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. सकाळच्या एस.टी.वर आपली भिस्त असते. ती चुकली तर आपण चरफडतो. पण भावाने फसवले तर चरफडत नाही, आतून कोसळतो. भिस्त मोडली तर नुकसान होते. विश्वास मोडला तर घात होतो. मराठीने त्यासाठी विश्वासघात असा शब्दच घडवला. भावाला आपण आपल्याला दुखावण्याची मुभा दिलेली असते आणि तो ती वापरणार नाही, असे धरून चाललेले असतो. विश्वासाचे सगळे मोल आणि सगळा धोका या मुभेत आहे.

धोका आहे म्हणून विश्वास ठेवू नये काय? तसे करून माणसाला एक दिवसही जगता येणार नाही. मग डोळे मिटून ठेवावा काय? तिर्मिजीच्या संग्रहात एका माणसाची हदीस आहे. उंट बांधावा आणि मग अल्लाहवर हवाला ठेवावा, की मोकळा सोडून हवाला ठेवावा, असे त्याने विचारले. आधी बांध आणि मग तवक्कुल कर, असे त्याला सांगण्यात आले. दोरीने तवक्कुल कमी होत नाही. माणसामाणसांतही हेच. कुरआनची सर्वांत मोठी आयत नमाजविषयी नाही की रोजाविषयी नाही; ती सूरह अल-बकरामध्ये आहे आणि उसनवारीचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, याविषयी आहे. हा आदेश शत्रूंशी करायच्या व्यवहारापुरता नाही. आपसांतल्या, ओळखीतल्या, एका सफेत उभे राहणाऱ्या माणसांच्या व्यवहारासाठीच तो सांगितलेला आहे. आपण मात्र दोस्ताला पैसे देताना कागद मागायला लाजतो, आणि पुढे त्या पैशापायी दोस्तच गमावतो.

आता संस्थेकडे, म्हणजे नामाकडे येऊ. वक्फचे मूळ सांगताना हजरत उमर (रजि.) यांच्या खैबरच्या जमिनीचे उदाहरण देतात. ती जमीन त्यांना मोलाची होती. तिचे काय करावे, असे त्यांनी विचारले. मूळ जमीन राखून तिचे उत्पन्न खैरातीला लावावे, असा सल्ला मिळाला. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांत वाटायची नाही. देखभाल करणाऱ्याने रीतीप्रमाणे त्यातून खावे, पण स्वतःची माया जमवू नये, अशी अटही त्यात होती. संस्था जन्मली त्याच वेळी तिच्या कारभाऱ्याला कुंपण घातले गेले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

इंग्लंडमध्ये ट्रस्टचा कायदा वाढला तो मध्ययुगात. लांबच्या मोहिमेवर जाणारा सरदार आपली जमीन मित्राच्या नावे करून जाई. फ्रान्सिस्कन साधूंना स्वतःच्या नावे मालमत्ता ठेवायची नसे, म्हणून ती दुसऱ्याच्या नावे आणि त्यांच्या उपयोगासाठी ठेवली जाई. काही मित्र उलटले. कागदोपत्री मालक तेच, त्यामुळे साध्या न्यायालयात दाद लागेना. तेव्हा राजाच्या चान्सलरकडे फिर्यादी जाऊ लागल्या आणि त्याने सदसद्विवेकाच्या नावाने त्या मित्रांना बांधून घेतले. ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजची १२६४ सालची घटना वक्फच्या कल्पनेशी फार जुळते, आणि ही कल्पना पूर्वेकडून तिकडे गेली असावी, अशी मांडणी मोनिका गौडिओसी या अभ्यासिकेने १९८८ साली केली. तो वाद विद्वानांचा आहे. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्यावर विश्वास टाकला ते सगळेच विश्वासू निघाले असते, तर ट्रस्टचा कायदा जन्मालाच आला नसता. क्रियापद जिथे तुटले तिथे ते सांधायला नाम आले.

हिंदुस्थानात इंग्रजांनी १८८२ साली ट्रस्टचा कायदा केला तेव्हा वक्फला त्यातून वगळले. तरी घोळ व्हायचा तो झालाच. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने इंग्रजी चष्म्यातून पाहून कुटुंबासाठी केलेले एक वक्फ अवैध ठरवले. त्यावर देशभर नाराजी उसळली आणि मुहंमद अली जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ सालचा वक्फ वैध करणारा कायदा झाला. पुढे १९२१ साली त्याच प्रिव्ही कौन्सिलमध्ये न्या. अमीर अली यांनी एका हिंदू मठाच्या खटल्यात निकाल देताना मठाचा महंत आणि वक्फचा मुतवल्ली या दोघांविषयी लिहिले. इंग्रजी अर्थाने हे ट्रस्टी नव्हेत, असे त्यात स्पष्ट झाले. ट्रस्टीच्या नावे मालमत्तेची कायदेशीर मालकी असते. वक्फची मालकी अल्लाहची समजली जाते आणि मुतवल्ली केवळ व्यवस्थापक असतो.

महाराष्ट्रात हा भेद आजही जिवंत आहे. १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली आपल्या कितीतरी संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आहेत, आणि २००२ साली राज्यात वक्फ बोर्ड आल्यानंतर कोणती संस्था कोणाकडे, यावर वर्षानुवर्षे खटले चालले. मुसलमानाने स्थापलेला प्रत्येक सार्वजनिक ट्रस्ट वक्फ असतोच असे नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. २०२५ च्या दुरुस्ती कायद्यावरून जो वाद पेटला, त्यात आम्ही येथे शिरत नाही. आमचा प्रश्न अधिक साधा आहे. मालक अल्लाह आहे असे म्हटले, की मुतवल्लीने हिशेब कोणाला द्यायचा?

आमच्या जमातीतला प्रसंग सांगतो. कब्रस्तानाच्या भिंतीसाठी चंदा जमला होता. एका शुक्रवारी नमाजनंतर एका तरुणाने उठून विचारले, "चाचा, किती जमले आणि किती खर्च झाले, ते सांगाल का?" मुतवल्ली वृद्ध होते. तीस वर्षे मशिदीचे काम त्यांनी पदरमोड करून केले होते. त्यांचा चेहरा उतरला. "आमच्यावर भरवसा नाही का रे पोरा?" एवढेच म्हणाले. लोकांनी त्या पोराला गप्प केले. दुसऱ्या शुक्रवारी चाचांनी वही आणली, पैन्‌पैचा हिशेब वाचला आणि किल्ल्या ठेवून घरी गेले, ते पुन्हा कारभारात आले नाहीत. त्यानंतरच्या कारभाऱ्यांना कोणीही हिशेब विचारला नाही. एका भल्या माणसाचे मन दुखावल्याचा सल सर्वांच्या मनात होता. नव्यांनी वहीच ठेवली नाही. पुढे काय झाले असेल, ते वाचकांना सांगायला नको. बहुतेकांच्या गावी अशी एखादी भिंत अर्धवट उभी असते.

चूक कोणाची? आम्ही त्या वेळी पोराला गप्प करणाऱ्यांत होतो. आज वाटते, तो चाचांचा मित्रच होता. सच्च्या कारभाऱ्याचा सच्चेपणा सिद्ध करणारी वही त्याच्यामुळेच बाहेर आली. चाचांनी प्रश्नाला संशय समजले, आणि आम्ही सर्वांनी त्यांना तसे समजू दिले. कपड्याच्या वाटपाविषयी खुद्द हजरत उमर (रजि.) यांना भर मशिदीत एका साध्या माणसाने जाब विचारल्याचा किस्सा आपल्याकडे प्रवचनांतून सांगितला जातो. एकेकाच्या वाट्याला आलेल्या कापडात तुमचा एवढा अंगरखा कसा झाला, असा तो प्रश्न होता. मुलाने उठून आपला वाटा वडिलांना दिल्याचे सांगितले, आणि प्रश्न मिटला. हा किस्सा ऐकून आपण सुभानल्लाह म्हणतो. मात्र आपल्या मशिदीत कोणी तसे विचारले, तर त्याला फितना म्हणतो.

येथवर आम्ही दुसऱ्यांविषयी लिहिले. आता स्वतःविषयी लिहिणे भाग आहे.

अम्मा आधीच गेल्या होत्या. अब्बा गेले तेव्हा मागे आम्ही आणि आमची धाकटी बहीण, एवढेच वारस. एक घर आणि बाजाराकडची एक मोकळी जागा. आपल्या कायद्याप्रमाणे दोन हिस्से आमचे, एक तिचा. हे तोंडपाठ होते. वर्गात अपूर्णांक शिकवण्याइतके सोपे गणित. पण गावात रीत अशी की बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात आणि भाऊ त्यांना ईदेला साडी-चोळी करतो. आम्ही तिला निबंधकाच्या कचेरीत घेऊन गेलो. कारकुनाने कागद वाचून दाखवला नाही आणि आम्हीही दाखवला नाही. ती म्हणाली, "भाई, कहाँ सही करना सो दिखाव." आम्ही बोट ठेवले, तिने सही केली. घरी येताना रसवंतीवर तिने आम्हालाच रस पाजला.

कायद्याने आम्ही काहीच गैर केले नव्हते. न्यासभंगाचे कलम आम्हाला लागत नव्हते. तिने स्वखुशीने हक्क सोडला, असे कागद सांगत होता. पण बायर यांचा तो भेद आम्हाला फार उशिरा कळला. तिने आमच्यावर विश्वास ठेवला होता आणि आम्ही तिच्या विश्वासावर भिस्त ठेवली होती. ती विचारणार नाही, याची आम्हाला खात्री होती, आणि त्या खात्रीच्या जोरावरच सगळा व्यवहार उभा होता. घरोघरी ज्याला आपण बहिणीचे प्रेम म्हणतो, त्यात या खात्रीचा हिस्सा किती, हे प्रत्येक भावाने आपल्याशी तपासून पाहावे. कब्रस्तानाच्या भिंतीचा हिशेब चव्हाट्यावर तरी मागता येतो. बहिणीने हिशेब मागितला, तर माहेर तुटते. जिला प्रश्न विचारण्याची सोय नाही, तिच्या गप्प राहण्याला विश्वास म्हणणे ही आपली सोय आहे.

निवृत्तीचे पैसे हाती आले तेव्हा बाजाराकडच्या त्या जागेचा भाव आम्ही काढला, तिसरा हिस्सा मांडला आणि धनादेश घेऊन तिच्या घरी गेलो. मनात कुठेतरी होते की ती रडेल, नको म्हणेल, दुवा देईल. तिने चष्मा लावून आकडा वाचला. मग शांतपणे विचारले, "भाई, शबानाच्या शिक्षणाच्या वेळी मी आले होते तुमच्याकडे. आठवतं?" आठवत होते. तेव्हा आम्ही तिला उसने म्हणून काही रक्कम दिली होती आणि तिने ती दोन वर्षांत फेडली होती. तिचेच पैसे आम्ही तिला उसने दिले होते. आम्हाला उत्तर देता आले नाही. तिने धनादेश घेतला, जेवू घातले. अमानत उशिरा परत केली की वस्तू परत जाते. मधली वर्षे परत जात नाहीत.

हे लिहिताना संकोच वाटतो. कारण आपला समाज आज दुसऱ्या बाजूनेही या शब्दापाशी अडला आहे. मोठ्या शहरात भाड्याचे घर शोधणाऱ्या आपल्या मुलांना नाव सांगताच 'कळवतो' असे उत्तर मिळते. त्यांच्यावर विश्वास ठेवला जात नाही. अशा वेळी आपल्याच घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणायच्या, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे, की या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्या वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी रशियन लोकांचीच एक म्हण उचलली होती. विश्वास ठेवा, पण पडताळून पाहा. १९८७ साली अण्वस्त्रांच्या करारावर सह्या करतानाही त्यांनी ती सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांना ऐकवली. तीत पडताळणी दोन्ही बाजूंची होती आणि आधी काहीतरी ठरलेले होते. हिशेब मागायला अमानत लागते. ज्याने माझ्याकडे काहीच ठेवले नाही, मला कधी पाहिलेही नाही, तो माझ्या नावावरून मला नाकारतो, तेव्हा तो पडताळणी करत नसतो. पडताळणीचीच वाट बंद करत असतो. कुरआनने ज्या गुमानापासून दूर राहायला सांगितले आहे, तो हाच.

ऑनोरा ओ'नील या ब्रिटिश तत्त्वज्ञ विदुषीने २००२ साली बी.बी.सी.च्या रीथ व्याख्यानमालेत याच विषयाचा ऊहापोह केला होता. विश्वास वाढवा, असा घोषा लावण्यात अर्थ नाही, असे त्या तेव्हापासून सांगत आल्या आहेत. विश्वास ही दुसऱ्याने द्यायची गोष्ट आहे, ती आपल्या हुकमतीत नसते. विश्वासू असणे आपल्या हाती असते, आणि आपला विश्वासूपणा दुसऱ्याला पारखता येईल अशी सोय करून देणे हेही. आम्हाला हे पटते, पण अर्धेच. पारखायला समोरचा दार तरी उघडणार असला पाहिजे. ते दार त्याने उघडावे, हे त्याला सांगायचा आपला हक्क आहे आणि तो आपण सांगत राहू. पण त्याने दार उघडेपर्यंत आपल्या घरातली वही कोरी ठेवावी, असे त्यातून निघत नाही. उलट, जमातीचा हिशेब दारावर लावणाऱ्या आणि बहिणीचा वाटा न मागता पोचवणाऱ्या माणसाच्या तोंडून न्यायाची मागणी निघते, तेव्हा ती निराळी ऐकू येते.

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपण हसत वापरतो. बिचाऱ्या म्हशीने काही वचन दिलेले नसते. भरवसा आपला आपणच ठेवलेला असतो. माणसांचे तसे नाही. भाऊ, मुतवल्ली, ट्रस्टी, शिक्षक, या प्रत्येकाने ती वस्तू हातात घेतानाच न बोलता काहीतरी कबूल केलेले असते.

तो मागच्या बाकावरचा मुलगा आता चाळिशीत आहे. मामूच्या जागी तोच ट्रस्टवर आला, असे कळले. मागच्या रमजानमध्ये गावी गेलो तेव्हा मशिदीच्या दारापाशी काचेच्या पेटीत एक कागद लावलेला दिसला. जमा, खर्च, शिल्लक. खाली त्याची सही. आम्ही चष्मा लावून वाचत उभे राहिलो, तर मागून त्याचा आवाज आला, "सर, काही चुकले का?" आम्ही म्हटले, "नाही रे. बेरीज तपासतो आहे." तो शेजारी येऊन उभा राहिला आणि आमच्या बोटाबरोबर प्रत्येक आकडा पुन्हा वाचू लागला.